गाण्याचं मडकं

एसीतून पाणी गळतंय म्हणून बोलावलं होतं.
मुहर्रकची जुनी गल्ली, गाडी शिरत नाही अशी.
शिडी खांद्यावर, ग्यासची टाकी हातात.
दार उघडणाऱ्यानं नाव विचारलं.
पुरुषोत्तम, म्हटलं.
अरबीत प नाही.
त्या दिवसापासून मी बुरुषोत्तम.

आत वीस-बावीस म्हातारे, गुरुवारची रात्र.
मी शिडीवर, तोंडात स्क्रू,
आणि खाली त्यांनी सूर धरला.
गाणं नव्हे, खर्ज.
जमिनीखालून निघाल्यासारखा,
शिडीच्या पायऱ्यांतून
माझ्या तळव्यांना येऊन लागला.
स्क्रू तोंडातच राहिला.

यांचे बाप मोती काढायला जायचे,
चार चार महिने,
नाकाला चिमटा, पायाला धोंडा.
मोती गेले, गलबतं गेली, बाप गेले.
ताल तेवढा राहिला.
टाळीसुद्धा सरळ वाजवत नाहीत हे लोक,
याची टाळी त्याच्या टाळीच्या फटीत.
शिमग्यात नमनाला मृदंग धरलेला माणूस मी,
मोजायला गेलो
आणि सातावर घसरलो.

मधोमध सालमीन, त्यांचा म्होरक्या गाणारा,
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
(मोती काढणाऱ्याच्या पोराला मोतीबिंदू,
हे त्याला अजून सांगितलेलं नाही.
अरबीत जमणारही नाही.)
म्हणाला, ही गाणी माणसांची नाहीत,
जिनांकडून आलेली आहेत.
मग तोच आवाज किंचित वर घेऊन:
बिल उद्या ने.

पुढच्या वर्षी त्यांची जहला फुटली.
जहला म्हणजे वाजवायचं मडकं, दुसरं काही नाही.
मी फुशारकीनं बोलून बसलो,
आमच्याकडे मडक्याला काय तोटा!

सुट्टीत चिपळूणच्या अलीकडे उतरलो,
यसू कुंभारणीच्या अंगणात.
तिनं विचारलं, पाण्याला की मयताला?
म्हटलं, गाण्याला.
तिनं माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं,
आणि दहा रुपये जास्त लावले.

बायकोच्या दोन जुन्या साड्यांत गुंडाळून
विमानात मांडीवर धरून आणलं.
कस्टमवाल्यानं कोपरापर्यंत हात घातला आत,
आणि रिकामा बाहेर काढला, जरा निराश होऊन.

सालमीननं थाप मारली.
धप्प.
पुन्हा मारली. धप्प.
बाविसांनी माझ्याकडे पाहिलं.
पाहुण्यांसमोर पोराला कविता आठवू नये, तसं झालं मला.
त्यानं मडक्याच्या तोंडाला कान लावला, बराच वेळ,
आणि म्हणाला, माती जाड आहे.
संपलं.

मग बलालीत आलं.
गोड शेवया, वेलची, केशर,
इथवर आपलंच घर.
वर अंड्याची पोळी!
पहिल्यांदा ती मी बाजूला काढून ठेवली होती.
त्या दिवशी मान खाली घालून
तीच आधी खाल्ली.

मडकं कोपऱ्यात पडलं.
जूनमध्ये कुणीतरी त्यात पाणी भरून ठेवलं.
मग त्याला जे येतं ते ते करू लागलं,
अंगभर पाझरायला लागलं.
एसीचं गळणं थांबवायचे त्यांनी मला पैसे दिले,
मडक्याचं गळणं हात लावून लावून बघायचे,
गालाला लावायचे.

आता दर गुरुवारी मी मडक्याशेजारी बसतो.
दोन गाण्यांच्या मध्ये सालमीन
न बघता हात पुढे करतो.
माझ्या भाषेतला एकच शब्द शिकलाय:
बानी.
मी ओततो.
तो पितो, ओठ पुसतो,
आणि पुन्हा त्या तळाच्या सुराला जातो.

पाणी अर्ध्यावर आलं
की एका ठरावीक खर्जाला
मडकं आपसूक गुणगुणतं.
मी ऐकलंय. तीनदा.
बू मिशआल म्हणतो,
बुरुषोत्तम, तो तुझा एसी आहे.